चौथ्या माळ्यावरची मधली खोली

पौष सरत आला होता आणि तीन दिवस धुकं हटायचं नाव घेत नव्हतं. खाडीकडून उठायचं, खाजणावरून सरपटत यायचं आणि कारखान्याच्या पत्र्याखाली शिरून ओल्या फडक्यासारखं मूर्तींवर बसून राहायचं. माघी गणपती तोंडावर आलेले आणि शाडू वाळेना. सुभाषशेठनं रांगेसमोर चार मोठे पिवळे दिवे लावून ठेवले होते आणि दर पाच मिनिटांनी एखाद्या मूर्तीच्या पाठीवर बोट टेकवून तो स्वतःशीच पुटपुटत होता. धोंडुबाई साडेसातालाच येऊन पेंढा झोडायला बसली होती.

पेंढा झोडायचा म्हणजे त्यात अडकलेला दाणा, खडा, काडीचा टोकदार तुकडा सगळं काढून टाकायचं. एक काडी आडवी राहिली तर देवाच्या गालावर चरा उठतो. पेणजवळच्या त्या गावात घराघरांतून गणपती होतात. रंग देणाऱ्यांचं, डोळे आखणाऱ्यांचं नाव होतं, त्यांचे फोटो पेपरात येतात. धोंडुबाईचं काम त्याच्या नंतरचं. तयार मूर्ती टेम्पोत भरून द्यायची. बावीस वर्षं ती हेच करत होती, आणि तिनं भरलेल्या गाडीत देवाचं बोट मोडलं असं एकदाही झालं नव्हतं. तिनं पेंढ्यात बसवलेल्या मूर्ती पार नागपूरपर्यंत सुखरूप पोचल्या. धोंडुबाई स्वतः मात्र पनवेल आणि रोहा यांच्या पलीकडं धड गेली नव्हती.

कारण तिला गाडी लागायची.

ते काही साधंसुधं लागणं नव्हतं. तिचं माहेर अष्टमीचं, रोह्याचा पूल ओलांडला की लगेच. लग्न होऊन पेणला आली तेव्हा वऱ्हाडाच्या गाडीत नागोठणं यायच्या आत तिनं नवऱ्याच्या नव्या सदऱ्यावर सगळं ओतलं. सासरचा उंबरा ओलांडायच्या आधी हिनं मना धुणं काढायला लावलं, असं कमळाकर आजही पाहुण्यांना हसत सांगायचा. तो मिठागरावर काम करून म्हातारा झालेला आगरी गडी, त्याच्या पोटात दगड टाकला तरी पचेल.

तेव्हापासून धोंडुबाईनं एसटीत बसायचे आपले नियम केले होते. ड्रायव्हरच्या मागचं बाकडं. खिडकी सताड उघडी, थंडी असो नाहीतर पाऊस. गालात चिंचेचा गोळा, नजर समोरच्या रस्त्यावर, आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. पेण-रोहा फेरीचे जुने कंडक्टर तिला ओळखायचे. ती चढली की पुढच्या बाकड्यावरच्या माणसाला म्हणायचे, उठा भाऊ, नाहीतर पस्तावाल. रेल्वे काही तिला एवढी लागत नसे, म्हणून माहेर तेवढं सुटलं नाही.

पण पुण्याला जायचं झालं तेव्हा एसटीच होती. तीन वर्षांपूर्वी तिच्या एकुलत्या एक पोरीला, ऋतुजाला, हॉटेलच्या कोर्सचं सर्टिफिकेट मिळायचं होतं, आणि आईबापानं समोर बसावं असं पोरीनं दोनदा सांगितलं होतं. धोंडुबाई पुढच्या बाकड्यावर बसली, चिंच चघळली, सगळं केलं. खोपोलीला गाडी थांबली तेव्हा ती पांढरीफटक पडली होती आणि पुढं घाट होता. तिनं कमळाकरला सांगितलं, तुमी जा. आणि संध्याकाळी बापलेक परत येईस्तोवर ती खोपोलीच्या स्टँडवर पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिली. ऋतुजा उतरली, रागावली नाही, काही नाही. फक्त विचारलं, आये, जेवलीस काय. ते धोंडुबाईला रागावण्यापेक्षा जास्त लागलं.

आता तीच ऋतुजा दीड वर्षं मोठ्या बोटीवर कामाला होती. मुंबईहून गोव्याला जाणारी, हौशी माणसांची, अकरा माळ्यांची बोट. कमळाकर गावात सांगायचा, मॅनेजर हाय. पोर फोनवर म्हणायची, बाबा, खोल्या आवरते मी. धोंडुबाईला दोन्हींतलं काहीच डोळ्यांसमोर येत नव्हतं. पाण्यावर खोल्या, त्यांत माणसं, आणि पोर त्या आवरते म्हणजे नेमकं काय करते?

त्या सकाळी पेंढा झोडता झोडताच तिचा फोन वाजला. बोट मुंबईला धक्क्याला लागली होती. ऋतुजा घाईत होती. पुढच्या महिन्यात ती दुसऱ्या कंपनीच्या बोटीवर नऊ महिन्यांसाठी परदेशात चालली होती, हे घरी माहीत होतं. नवीन होतं ते असं, की येत्या गुरुवारच्या फेरीत जागा शिल्लक होत्या आणि कामावरच्या माणसांच्या आईवडिलांना त्या थोडक्यात मिळत होत्या. तीन खोल्या होत्या. एक नवव्या माळ्यावर, अगदी पुढं, बाल्कनीवाली. एक पाचव्यावर, पार मागं. आणि एक चौथ्यावर, बोटीच्या बरोबर मध्यात, गोल खिडकीची. पैसे तिन्हींचे सारखेच. ऋतुजाचं म्हणणं, चौथ्यावरची घ्यावी.

"खिडकी उघडते काय गो?" धोंडुबाईनं विचारलं.

"नाय उघडत. काच पक्की असते. पाणी जवल असतं ना."

"मंग मना खाली पाण्याच्या तोंडाशी कोंडतंस काय? पुढची दे बाय. वरची. हवेशीर."

ऋतुजानं समजावलं, की बोट पुढं आणि मागं जास्त उचलते, वर जास्त झुलते, मध्यात कमी. तिच्याकडं रोज माणसं येतात, बाल्कनीवाल्या, महागातल्या, आणि लिंबू मागतात. धोंडुबाईनं ऐकून घेतलं. पण आयुष्यभर जो नियम पाठ केला तो पोरीच्या दोन वाक्यांनी कसा सुटणार? पुढं बसायचं आणि वारा घ्यायचा, ह्या दोन गोष्टींवर ती आजवर तगली होती. तिला मनातून भीती होती ती निराळीच. पोर खोल्या आवरते. तिथं आपण ओकलो तर ते पोरीच्याच नाहीतर तिच्या मैत्रिणींच्या हातानं निघणार. आयस आली आणि घाण करून गेली. ह्या वेळी खोपोली करून चालणार नव्हतं. नऊ महिन्यांनंतर पोर कुठं असेल, कोण जाणे.

कमळाकरला फोन लावला तर तो बाल्कनी ह्या एका शब्दावरच खूश झाला. बाल्कनीत चा पिऊ, म्हणाला. दोघांचं एकच मत पडलं. धोंडुबाईनं ऋतुजाला सांगितलं, पुढचीच घे.

"बरं," ऋतुजा म्हणाली, "चारला बोट सुटेल. मंग फोन लागायचा नाय. तवर काय वाटलं तर सांग."

अकराच्या सुमाराला धुकं जरा विरलं आणि नाथाचा टेम्पो दारात लागला. नाथा रोह्याकडचा, नवाच धरलेला ड्रायव्हर, हात चलाख पण मूर्तींची सवय नाही. माल सगळा रोहा-अष्टमीचा होता. त्यात अष्टमीच्या एका घरची दोन फुटांची शाडूची मूर्ती होती, वर उचललेली सोंड आणि हातात काडीएवढ्या देठाचं कमळ. कारागिरानं जीव ओतला होता आणि सुभाषशेठचा जीव टांगणीला लागला होता. रंग अजून पुरता सुकला नव्हता.

धोंडुबाई आतून पेंढ्याचा भारा घेऊन येते तो नाथानं ती मूर्ती टेम्पोत अगदी पुढं, केबिनला लागून, वरच्या फळीवर नेऊन ठेवली होती. दोरी बांधत होता.

"काकी, वर ठेवला. रंग वला हाय ना, जरा हवा लागंल."

"हवा लागून काय करशील? सोंड राहाया पायजे ना," धोंडुबाई म्हणाली. "उतर खाली त्याला. वर जितका जाशील तितका डुलणार. पुढं ठेवलास तर ब्रेकला उसलेल, मागं ठेवलास तर खड्ड्याला उसलेल. मधी ठेव. खाली, चाकांच्या मधल्या जागंत. चारी बाजूंनी पेंढा दाबून. त्याला वारा नको, त्याला बसाया पायजे."

नाथानं मूर्ती उतरवली. धोंडुबाई टेम्पोत चढली, मधोमध पेंढ्याचं घरटं केलं, मूर्ती बसवली, सोंडेखाली कापसाची उशी दिली, बाजूनं बारक्या मूर्ती लावत गेली. हात आपलं काम करत होते. आणि अर्ध्यातच ते थांबले.

नाथाला वाटलं काहीतरी मोडलं. तो वाकून बघायला लागला. धोंडुबाई पेंढ्याची पेंडी हातात धरून तशीच बसून राहिली होती. बावीस वर्षं ती हेच सांगत आली होती, प्रत्येक नव्या ड्रायव्हरला, हमालाला, एकदा तर सुभाषशेठच्या बापालासुद्धा. आणि सकाळी पोर तिला नेमकं हेच सांगत होती, तर तिनं पोरीला उडवून लावलं.

पण ती हिशेबी बाई होती. देव मातीचा, त्याला पोट नाही. आपल्याला आहे. करून बघितल्याशिवाय खरं मानायचं नाही.

तिनं सुभाषशेठला सांगितलं की कासूपर्यंत मालाबरोबर जाते, तिथून रेल्वेनं परत येते. सुभाषशेठनं हातातला ब्रश खाली ठेवला. तुला गाडी लागते ना, म्हणाला. लागते, म्हणूनच जाते, असं तिनं सांगितल्यावर त्यानं पुढं विचारलं नाही. फक्त नाथाला बाजूला घेऊन बजावलं की काकीला काही झालं तर मूर्तीपासून लांब.

केबिनमधली जागा रिकामी होती, नाथानं फडक्यानं पुसूनही दिली. धोंडुबाई मागं चढली. त्या अष्टमीच्या गणपतीला लागून पेंढ्यावर मांडी घालून बसली आणि नाथाला म्हणाली, लाव दार.

दार लागलं तसा अंधार झाला. ताडपत्रीच्या फटीतून एक पट्टी उजेड आत येत होता. रंगाचा वास, डिझेलचा वास. समोर रस्ता नाही, वारा नाही, चिंचही नाही. तिच्या सगळ्या नियमांच्या विरुद्ध. टेम्पो हायवेला लागला आणि खड्डे सुरू झाले. पुढं केबिनचा पत्रा खडखडत होता, मागं दाराची कडी नाचत होती. मध्ये पेंढ्यात मूर्ती नुसत्या अंग हलवल्यासारख्या करत होत्या. धोंडुबाई वाट बघत राहिली. तोंडाला पाणी सुटायचं, कानशिलं गार पडायची, हे तिला पाठ होतं. वडखळ गेलं तरी काही झालं नाही. मग ती मुद्दाम उठली, मूर्तींना धरत मागच्या दारापाशी जाऊन बसली. दोन खड्ड्यांतच पोट गळ्याशी आलं. ती गुडघ्यांवर रांगत परत आपल्या जागी आली, डोळे मिटले, आणि हळूहळू पोट पुन्हा खाली बसलं.

कासूच्या फाट्यावर नाथानं घाबरत घाबरत दार उघडलं. धोंडुबाईच्या केसांत पेंढा होता. मळमळत होतं, नाही असं नाही. पण वर काही आलं नव्हतं.

"काकी, बऱ्या हाव ना?"

"हाय. ब्रेक एवढं जोरात दाबू नको," ती म्हणाली, "त्यांना नाय चालत." आणि खाली उतरून स्टेशनच्या रस्त्याला लागली.

गाडीला वेळ होता. फलाटावरच्या बाकड्यावर बसून तिनं फोन लावला. दोनदा लागला नाही. तिसऱ्यांदा ऋतुजानं घेतला तेव्हा तीन वाजायला आले होते.

"बाय, ती मधलीच घे."

मग ऋतुजा म्हणाली, "गेली गो आये. तू नको बोललीस म्हणून मी सोडली. दुपारीच कुणीतरी घेतली."

धोंडुबाईनं पदरानं तोंड पुसलं. रुळांच्या पलीकडं एक माणूस म्हशी हाकत चालला होता.

"दुसरी कायच नाय मधी?"

"एक हाय. त्याच माल्यावर, मधीच, पण आतल्या बाजूला. तिला खिडकीच नाय. चारी बाजूंनी भिंत. डब्यासारखी. माणसं घेत नाहीत ती."

"मधी हाय ना पण? चाकांच्या मधी?"

"बोटीला चाकं नसतात गो," ऋतुजाला हसू आलं. "मधी हाय. जिन्याच्या बाजूला."

"मंग तीच दे."

"आये, नक्की? तुना खिडकी लागते. मना उगाच तुझे हाल..."

"तुझंच बरोबर हाय. मना सकाली कलला नाय, आता कलला. दे तीच."

कमळाकरला बाल्कनी गेल्याचं कळलं तेव्हा तो दोन दिवस बायकोशी धड बोलला नाही. तिसऱ्या दिवशी पेणच्या बाजारातून एक पांढरी टोपी घेऊन आला आणि आरशात बघत बसला, तेव्हा धोंडुबाईनं ओळखलं की राग गेला.

गुरुवारी ते गेले. पेणहून रेल्वेनं, पुढं टॅक्सीनं. टॅक्सीत धोंडुबाईनं एका पिशवीचा उपयोग केला, तो धरायचा नाही. बोट बघून तिला वाटलं, ही हलणार कशी? एवढी इमारत. पण संध्याकाळी किनारा मागं पडला आणि इमारत हलायला लागली. जोरात नाही. कुणीतरी खालून हळूच खांदा देऊन उचलल्यासारखी, मग पुन्हा खाली ठेवल्यासारखी. खोलीत दोन पलंग, एक आरसा, आणि चारी बाजूंनी भिंत. कमळाकरनं भिंतीवरचा पडदा बाजूला सारून पाहिला, त्याच्यामागंही भिंतच होती. सूर्य कवा उगवला ते कसं कलायचं, असं त्यानं विचारलं. धोंडुबाई पलंगावर पाठ टेकून, दोन्ही हातांनी कडा धरून पडली होती. तोंडाला पाणी सुटलं. ती हलली नाही. आलं तसं ते गेलं. थोड्या वेळानं तिनं कडा सोडल्या आणि लिंबाच्या लोणच्याशी दोन चपात्या खाल्ल्या.

कमळाकर वर जाऊन आला. पुढच्या टोकाला खुर्च्या सरकतात, बशीतला चा सांडतो, बायका भिंतीला धरून चालतात, असं सगळं डोळे मोठे करून सांगायला लागला. त्याला स्वतःला काही म्हणजे काही झालं नव्हतं. दोनदा आइस्क्रीम खाऊन आला होता. धोंडुबाईला त्याचा फार राग आला.

सकाळी ती ऋतुजाचं काम बघायला सातव्या माळ्यावर गेली. लांबच लांब बोळ, दोन्हीकडं दारं, आणि मागच्या टोकाला एक ढकलगाडी उभी. गाडीवर चादरींची, टॉवेलांची चळत. ऋतुजा निळा कोट घालून आत पलंगाशी वाकलेली. दुपारच्या आत अठरा खोल्या आवरायच्या होत्या, म्हणून आईकडं बघून ती नुसती हसली आणि हात चालू ठेवले. एका झटक्यात चादर हवेत गेली आणि चारी बाजूंनी सारखी खाली आली. मग कोपरा. उजव्या हातानं उचलायचा, डाव्यानं घडी आत घ्यायची, तळव्यानं दाबायचं. असे चार कोपरे. धोंडुबाई दारात उभी राहून बघत होती. तिला वाटलं होतं आवरणं म्हणजे झाडू मारणं. हे तसं नव्हतं. ह्या हाताला अंदाज होता, कुठं किती दाबायचं त्याचा. दुसऱ्या खोलीत तिनं एकदाच तोंड उघडलं, उशी अजून एकदा झटक म्हणाली, आणि ऋतुजानं ती झटकली.

कामावर देखरेख करणारी वरची बाई आली, गोरी, ठेंगणी, हातात यादी घेतलेली. ऋतुजानं कंबर सरळ केली. "माय मदर," म्हणाली. त्या बाईनं धोंडुबाईचा हात हातात घेतला आणि इंग्रजीत काहीतरी बोलली. ती गेल्यावर धोंडुबाईनं विचारलं, काय बोलली? ऋतुजा चादरीची घडी उलगडत म्हणाली, "म्हणतेय, तुमची पोर गेली की मना त्रास होणार हाय."

तेवढ्यात बोटीनं मागचं टोक उचललं. धोंडुबाईचा हात आपोआप भिंतीला गेला. कानशिलं गार पडली. ऋतुजाच्या ते लगेच ध्यानात आलं. चादर टाकून ती दारात आली, आईचा दंड धरला.

"आये, खाली जा. इकरं मागं जास्त हालतं. जा, पड जरा."

"थांब गो," धोंडुबाई म्हणाली. भिंतीला पाठ लावली, पाय जरा फाकवले. "एक खोली अजून बघतंय. मंग जातंय."

तिनं एक नाही, दोन बघितल्या. मग एका हातानं कठडा धरत आपली आपण चौथ्या माळ्यावर उतरली, खोलीत जाऊन नळ मोठा सोडला आणि एकदाच ओकली. सगळं स्वतःच्या हातानं स्वच्छ केलं, बेसिन पुसून कोरडं केलं, आणि पलंगावर जाऊन मधोमध पडली. अर्ध्या तासात तिला झोप लागली. गोवा कमळाकरनं पाहिला. तिनं पुढचे दोन्ही दिवस सकाळी सातवा माळा पाहिला, रोज थोडा जास्त वेळ.

सोमवारी ती कामावर आली तेव्हा धुकं गेलं होतं आणि कोरडी थंडी पडली होती. अष्टमीची मूर्ती धड पोचली, सोंडेला धक्का नाही, असा त्या घरचा निरोप आल्याचं सुभाषशेठनं आल्या आल्या सांगितलं. बाकीच्या बायका तिच्याभोवती जमल्या. समुद्र कसा असतो, आत हॉटेल असतं काय, पोर काय करते, एकीला दुसरीचं ऐकायला सवड नव्हती. धोंडुबाईनं हातांनी दाखवलं, चादर अशी उडवायची, कोपरा असा आत घ्यायचा. एकीनं विचारलं, उलट्या किती झाल्या. एक, ती म्हणाली, आणि टॅक्सीतली धरायची नाय.

तोवर सुभाषशेठनं ओरडून सांगितलं की आज भरायला गाडी नाही आणि वाळलेली शाडू कोपऱ्यात तशीच पडलीय. धोंडुबाईनं पदर खोचला, मोगरी घेतली आणि शाडूचे खडे फोडायला बसली. चांगली बारीक झाल्यावर तिनं ती टपात ओतली, वर पाणी सोडलं आणि आतून हात घालून गुठळ्या चेपायला लागली.